शाळेचे दप्तर : आपल्या समाजाचा ठेवा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





आजच्या मेळाव्यात डॉक्टर, इंजिनिअर किंवा बॅरिस्टर यांच्याऐवजी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला बोलावले, आणि तेही जुन्या कागदांविषयी बोलायला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी सध्या कोकणातल्या एका जुन्या शाळेत अर्धवेळ अभिलेखपाल म्हणून काम करते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकरा ते दोन. शाळा इंग्रजी अमदानीतली आहे. तिच्या कौलाखालच्या एका खोलीत शंभराहून अधिक वर्षांची रजिस्टरे, फीची पुस्तके, शेरेबुके, सभांची इतिवृत्ते आणि छायाचित्रे ठेवलेली आहेत. ती साफ करणे, त्यांची यादी करणे, ती टिकवणे आणि गरजवंताला त्यांतले हवे ते पान काढून देणे, एवढेच माझे काम. मानधन थोडे, धूळ भरपूर. परंतु या कामाने मला जे शिकवले ते तुमच्या घरादाराशी संबंधित आहे, म्हणून ते सांगण्यासाठी उभी आहे.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधते. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले. मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर, आणि कचेरीत जुने कागद ठेवतात तेही दप्तर. पुण्याचे पेशवे दप्तर आपण ऐकून असाल. तेथे कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. कारकून, तारीख, हिशेब, सनद हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. एवढेच काय, ज्या कागदावर हे सारे लिहिले जाई, तो कागद तयार करणारे कागदी लोकही बहुतांशी आपल्याच समाजाचे होते. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव त्यांच्यावरूनच ओळखले जाते, आणि जुन्नरचा कागदही एके काळी नावाजलेला होता. ज्या समाजाने कागद केला, त्या समाजाच्या घरात आज आजोबांच्या शाळेचा साधा दाखला सापडू नये, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

शाळेच्या दप्तरात सर्वांत मोलाचे पुस्तक म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव शाळेत घातले की त्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकापुढे त्याचे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण लिहितात. एका माणसाला एक ओळ. गावात ज्याच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते, ज्याचे नाव दुसऱ्या कोणत्याच सरकारी वहीत आले नाही, अशा गरिबाच्या पोराची सुद्धा ही एक ओळ तेथे असते.

या एका ओळीची किंमत केवढी, याचे उदाहरण साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. नाव भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि ते रजिस्टर तिने जपून ठेवले आहे. त्या दिवशी ज्या कारकुनाने किंवा मास्तरांनी ती ओळ लिहिली, त्यांना हा मुलगा पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्यांनी सर्वांची लिहिली तशी त्याचीही ओळ लिहिली. ती टिकली म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आता दुसरे उदाहरण, जेथे कागद टिकले नाहीत. सावित्रीबाई फुले यांच्यासोबत फातिमा शेख यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांच्याविषयी आपल्या हाती लेखी काय आहे? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्यात दिसते. एक जुने छायाचित्र सांगितले जाते. याखेरीज फार थोडे. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, जन्माची नोंद नाही. परिणाम काय झाला? २०२५ साली ही बाई झालीच नाही, असे म्हणणारेही पुढे आले. त्यांच्यावर रागावून भागत नाही. कागद बोलत असता तर वाद उभाच राहिला नसता. ज्यांचे दप्तर नाही, त्यांचे कर्तृत्व इतरांच्या मर्जीवर राहते. हे वाक्य विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

मोठ्या माणसांचे राहू द्या. तुमच्या-माझ्या घरचे बोलू.

शाळेत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इतिहास शोधायला येत नाहीत. ते दाखला शोधायला येतात. आपल्या समाजातील तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा अनेक बिरादऱ्यांचा महाराष्ट्रात इतर मागासवर्गात समावेश आहे. मुलगा किंवा मुलगी बारावीपर्यंत येते, व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाची वेळ येते, आणि मग जात पडताळणी समिती पुरावा मागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्या तारखेपूर्वीच्या कागदावर वडिलांची, आजोबांची किंवा चुलत आजोबांची जात लिहिलेली असेल, तर त्या पुराव्याला वजन येते. असा कागद गरिबाच्या घरी कोठून असणार? तो असतो शाळेत. परंतु जुन्या रजिस्टरात पुष्कळदा जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' असे लिहिलेले आढळते. ज्या मास्तरांनी 'मुसलमान तांबोळी' असे दोन शब्द लिहिले, त्यांनी नकळत तीन पिढ्यांचे काम करून ठेवले.

गेल्या काही वर्षांतली एक हकीकत सांगते. नावगाव सांगत नाही. दूरच्या शहरातून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. आजोबा आमच्या शाळेत शिकले होते, एवढेच ठाऊक. साल माहीत नाही. रजिस्टर पाहिले, तर त्या काळातल्या रजिस्टराची खालची बाजू वाळवीने खाल्लेली. ज्या पानावर नाव असण्याचा संभव, त्याचा अर्धा भाग भुगा झालेला. बापाने डोक्याला हात लावला. मग आम्ही दुसरी वाट धरली. फी-माफीचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेले होते. दोन दिवस एकेक कागद उलटला. तिसऱ्या दिवशी पणजोबांचा अर्ज मिळाला. खाली अंगठा, वर मास्तरांच्या हातचा मजकूर : मुलाचे नाव, बापाचा धंदा, बिरादरी, सारे काही. मुलीने तो अर्ज वाचला आणि ती म्हणाली, "आमच्या घरात कोणी अर्ज करून शिकले, हे मला माहीतच नव्हते." पुरावा म्हणून त्या अर्जाचे काय झाले हे समितीचे काम. परंतु मला त्या मुलीचे ते वाक्य महत्त्वाचे वाटते. अंगठा देणारा माणूसही फी-माफी मागून मुलाला शाळेत ठेवत होता. आपले बुजुर्ग शिक्षणाविषयी उदासीन होते असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला हा अर्ज एक उत्तर आहे.

अशी प्रत्येक हकीकत गोड होत नाही. कित्येकांना रिकाम्या हाताने परत जावे लागते. पावसाचे पाणी, वाळवी, कसर, शाळेचे स्थलांतर, आणि 'जुनी रद्दी' म्हणून केलेली विक्री, यांत किती जणांच्या ओळी गेल्या याची गणती नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. काही जण हळूच विचारतात, "बाई, एक शब्द वाढवला तर काय बिघडते? शाई जुनीच वापरू." मी नम्रपणे नकार देते. दक्षता पथक अक्षर पाहते, शाई पाहते, मागची-पुढची नोंद पाहते. खोटा शब्द पकडला गेला की त्या मुलाचे नुकसान होतेच, शिवाय त्या रजिस्टरावरचा विश्वास उडतो आणि त्यातल्या शेकडो खऱ्या नोंदी संशयात पडतात. एका घरासाठी साऱ्या गावाची साक्ष बुडवायची काय? रजिस्टर ही अमानत आहे. तिच्यात घालायचे नाही आणि तिच्यातून काढायचेही नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या घरची नोंद कोणी कुतूहलाने मागितली, तर तीही दाखवायची नाही. ज्याची ओळ, त्याचा हक्क.

रजिस्टर वाचता वाचता समाजाचा सारा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना सर्वांत बोलका. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांपुढे लिहिलेले असते : मुंबईस गेला. जहाजावर गेला. आफ्रिकेस वडिलांकडे गेला. तेरा-चौदा वर्षांची पोरे ही. प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या दिवसांत शाळा बंद ठेवल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यानंतर काही नावांपुढे एकच शब्द आहे : मयत. वाचताना हात थबकतो.

मुलींची नावे तर फार उशिरा दिसू लागतात. दिसू लागली तरी चौथीला थांबतात. कारण : घरकाम. पुढच्या पिढीत त्याच आडनावाची मुलगी सातवीपर्यंत येते. कारण : लग्न. त्यापुढच्या पिढीत तेच आडनाव दहावीच्या निकालात दिसते. आजी चौथी, आई सातवी, नात दहावी. एका घराने सहा इयत्ता चढायला तीन पिढ्या घेतल्या. येथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, आपल्या मुलीच्या नावापुढचा तो रकाना आपण काय लिहून भरणार आहोत, याचा आज घरी गेल्यावर विचार करावा. ती ओळ पन्नास वर्षांनी कोणीतरी वाचणार आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

जन्मतारखेचे पाहा. महाराष्ट्रात असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये सुरू होत, घरी जन्माची नोंद नसे, मग मास्तर मुलाकडे पाहून अंदाजाने साल धरीत आणि तारीख १ जून टाकीत. त्यावेळी ते चालून गेले. आज तसे चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी मुख्य कागद ठरला आहे. म्हणून जन्म झाला की नोंद आधी, मिठाई नंतर.

नावाचेही तसेच. एकाच मुलाचे नाव जन्मदाखल्यावर महंमद, शाळेत मोहम्मद, आधार कार्डावर मोहमद, आणि वडिलांचे नाव एका जागी शेख आधी तर दुसऱ्या जागी शेख शेवटी. उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून आपली नावे फिरतात, त्यामुळे आपल्या मुलांना हा त्रास इतरांपेक्षा अधिक होतो. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही स्वतः जा. लिहिलेली ओळ वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, त्यात लाज नाही. दुरुस्ती करावयाची तर मूल शाळेत असतानाच करून घ्या. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते.

घरातले जुने कागद कसे सांभाळावे, हेही सांगते. शाळेत जे करते तेच घरी करता येते, खर्च जवळजवळ नाही. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून कागदच खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उष्णतेने आणि प्लॅस्टिकने कागद कायमचा अडकतो, पुढे दुरुस्त करता येत नाही. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका, टाचणी गंजते आणि रबर चिकटते. घडी पडलेला कागद अलगद उलगडून सपाट ठेवा. बोटाला थुंकी लावून पाने उलटू नका. काही लिहायचे असल्यास पेन्सिलीने लिहा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. पावसाळा संपला की कागदांना सावलीत वारा द्या, कडक उन्हात घालू नका. जुनी शाई हिराकस आणि मायफळाची असे. ती काही ठिकाणी कागदाला अक्षराच्या आकाराची भोके पाडते. असा कागद वरचेवर हाताळू नका, त्याचा एकदाच नीट फोटो काढून ठेवा. फोटोच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. मोबाईल हरवला आणि आजोबांचा दाखलाही गेला, असे होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी यात शिकण्यासारखे आणि कमावण्यासारखेही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात कित्येक कागद मोडी लिपीत लिहिले जात. आज मोडी वाचणारे थोडे आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, त्यात शाळांची जुनी रजिस्टरेही तपासली गेली, आणि मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. मराठवाड्यात निजामाचे राज्य १९४८ पर्यंत होते. तेथील अनेक जुन्या कागदांची भाषा उर्दू आणि साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण लागते, म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. ज्या मराठी कुटुंबांच्या आजोबांच्या नोंदी या उर्दू कागदांत आहेत, त्यांना आज ती वाचून दाखवणारा माणूस हवा आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही ज्याला चांगले येते, तो तुमच्याशिवाय कोण? घरात मिळालेली ही भाषा ओझे समजू नका. तिच्या जोडीला मोडी शिका. राज्याचे पुराभिलेख संचालनालय या कामातले आपले मोठे घर आहे. त्याचा मुंबईतील दप्तरखाना १८२१ सालापासूनचा आहे. सहल काढायचीच तर एकदा तिकडेही काढा.

आणि संस्थेच्या चालकांना एक विनंती. आपल्या समाजाच्या शिक्षणाची चळवळ लहान नाही. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. सर सय्यद अहमद यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू केला. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. या मोठ्या घडामोडी ग्रंथांत आल्या आहेत. परंतु तालुक्याच्या गावी ज्यांनी मूठमूठ धान्य आणि आणा-आणा वर्गणी गोळा करून शाळा उभी केली, त्यांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत? ती आहेत वर्गणीच्या पावतीपुस्तकात आणि सभांच्या इतिवृत्तांत. नवी इमारत बांधताना जुन्या कपाटातले हे कागद आधी बाहेर काढून सुरक्षित जागी न्यावेत. प्रत्येक शाळेत एक कोरडी खोली, दोन लोखंडी कपाटे आणि आठवड्यातून काही तास देणारा एक जबाबदार माणूस, एवढे पुरे. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना बोलावून पाहा, ते येतील.

मुलांना सुटीत एक काम द्यावे. घरातल्या वृद्धांना विचारून लिहावे : तुम्ही कोणत्या शाळेत गेलात, किती चालत गेलात, कोण मास्तर होते, का सोडली? जुन्या छायाचित्रांमागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत, कारण नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तुम्ही आईच्या मोबाईलवर शिकलात, एका मोबाईलवर तीन भावंडे शिकलीत. तेही आताच लिहून शाळेच्या दप्तरात ठेवा. आम्हाला १९१८ च्या साथीविषयी जेवढी माहिती मिळते, त्याहून अधिक तुमच्या नातवंडांना तुमच्याविषयी मिळावी.

शेवटी इतकेच. अभिलेखपालाचे काम मोठे नाही. पुढे येणाऱ्या कोणासाठी तरी एक ओळ सांभाळून ठेवणे, एवढेच ते आहे. आणि हे काम फक्त पगारी माणसाचे नाही, ज्याच्या घरात एक जरी जुना कागद आहे त्या प्रत्येकाचे आहे. आज घरी गेल्यावर ती पत्र्याची पेटी उघडा. काय आहे ते पाहा, एका वहीत यादी करा, आणि मुलांना जवळ बसवून एकेक कागद वाचून दाखवा. ज्यांनी अंगठा देऊन आपल्याला अक्षरापर्यंत आणले, त्यांची नावे आपल्या मुलांच्या तोंडी असली पाहिजेत.